थाळी वाजायची, रडणं यायचं नाही

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. यार्डात रात्रपाळ्या करून म्हातारे झाले, आणि कुणी भुताचा विषय काढला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं — "इतकी वर्षं रात्री ड्यूटी केली, भूत एकदासुद्धा हजेरी लावायला आलं नाही." मी त्यांचीच मुलगी. वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी चहासोबत करमणूक म्हणून वाचायचे आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना हसायचे. पांढरी साडी, उलटे पाय, कुत्र्यांचं विव्हळणं... म्हणजे भुतांनासुद्धा काही नवीन सुचू नये? आता मी स्वतःच लिहायला बसले आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. माझ्याकडे पांढरी साडी नाही. फक्त एक आवाज आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्याचा संबंध आहे. मी इंदूरला एका कॉल सेंटरमध्ये होते, क्वालिटी डिपार्टमेंटला. आमच्या मुलामुलींनी ग्राहकांशी फोनवर केलेलं बोलणं ऐकायचं आणि त्यांना मार्क द्यायचे, हे माझं काम. दिवसभर कानाला हेडफोन. माझ्या कानांवर माझा भारी विश्वास होता. समोरचा खरंच हसतोय की नुसते दात दाखवतोय, मागे पंखा आहे की कूलर, सगळं कळायचं. नवरा, निलेश, बुऱ्हाणपूरला. त्याचा शेतीला ठिबक बसवून द्यायचा धंदा. लग्नानंतरही मी इंदूरलाच राहत होते, सुट्टीला इकडे यायचे, आणि आमचं बरं चाललं होतं.

पहिल्या वेळी दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, प्रवास बंद, दगदग बंद. मी राजीनामा दिला. माझी आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. निलेशने बांधायला काढलेलं घर नुकतंच पूर्ण झालं होतं, तिथेच राहायला गेलो.

घर खकनार रोडला, शहर संपतं तिथल्या नव्या कॉलनीत. कॉलनी म्हणायची एवढंच. बहुतेक घरांना रंगसुद्धा लागला नव्हता, कुठे नुसतेच कॉलम उभे. आमच्या शेजारी रेहाना भाभींचं कुटुंब, त्यांच्या मिस्टरांचे शहरात कापडाचे लूम होते. आमच्या मागच्या अंगाला स्वयंपाकघर, त्याच्या मागे भांडी-कपड्यांची मोरी, मग कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे केळीची बाग. हिरवीगार, दाट, आत चार पावलांवरचं दिसणार नाही अशी. आमच्याकडे घरात बाई गरोदर असली की वास्तुशांत करत नाहीत, त्यामुळे ती बाळ झाल्यावर करायची ठरली. आम्ही नुसतं दूध उतू घालून राहायला आलो.

तिथे मला जे वाटायचं ते कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगते. सकाळी निलेश निघून गेला की मी कुणीच नसायचे. नोकरीवाली नव्हते, आई अजून झाले नव्हते. आधीचं एक गेलेलं, त्यामुळे याचीही खात्री नाही. बाळाचे कपडे आणायचे नाहीत, नाव ठरवायचं नाही, कुणी विचारलं तर "बघू" म्हणायचं. नव्या घरातली कपाटं लावता लावता पोटावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, राहा गं बाई, एवढं राहा.

अशाच एका दुपारी जेवून पडले होते. लाइट गेलेली, म्हणजे पंखा नाही, कूलर नाही, आसपास शांत. तेव्हा मागच्या बाजूने थाळी वाजल्याचा आवाज आला. स्टीलची थाळी पत्र्यासारखी वाजते. ही काशाची होती, भरदार, मागे गुंजणारी. कुणीतरी ती पळीने जोरजोरात बडवत होतं, घाईघाईने, ना ठेका ना ताल. मध्येच एक फटका चुकून काठावर बसायचा, 'थड्', आणि दोन फटक्यांच्या मध्ये बांगडीचा बारीक किणकिणाट. मग आवाज एकदम थांबला.

मला आनंदच झाला. आमच्या भागात मूल जन्मलं की थाळी वाजवतात. वाटलं, बागेपलीकडे कुणाच्या तरी घरी बाळ आलं. संध्याकाळी कंपाउंडवरून रेहाना भाभींना विचारलं, "भाभी, इधर किसके यहाँ बच्चा हुआ?"

"इधर?" त्या हसल्या. "इधर कौन है बेटा? अपनी पूरी लाइन में पेट से तो अकेली तुमीच हो."

दोन-तीन दिवस गेले आणि दुपारी पुन्हा तोच आवाज. तसाच घाईचा, तसाच एक फटका चुकलेला, तसाच अर्ध्यात थांबलेला. पुढे तो येतच राहिला. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी, आणि नेहमी दुपारीच. निलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "बागेत रानडुकरं शिरतात, डबे वाजवून हाकलत असतील." पटण्यासारखं होतं, मी पटवूनही घेतलं. पण डुकरं हाकलणारा माणूस ओरडतो, शिव्या घालतो. आणि डुकरं हाकलायला काशाची थाळी कोण घेईल? मी मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं. रेकॉर्डिंगमध्ये पोपट होते, दूरचा ट्रॅक्टर होता, माझा स्वतःचा श्वास होता. थाळी नव्हती. एका रविवारी निलेश घरात असताना वाजली. मी त्याचा हात दाबला, "ऐक, ऐक!" तो कान देऊन बसला आणि मग माझ्याकडेच बघायला लागला.

"मेघा, तुला घरी बसायची सवय नाहीये. रिकामं डोकं..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण मला लागायचं ते लागलं. त्या दिवशी आम्ही जेवलो ते वेगवेगळे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, गरोदरपणात कान वाजतात कधीकधी, बीपी बघू. बीपी नॉर्मल होतं.

सातवा लागला तसं निलेशने आईंना बोलावून घेतलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. चांदनी स्टेशनजवळच्या गावी शेतात राहतात. अंगाने काटकुळ्या, जिभेने तिखट, पण मनात काही ठेवत नाहीत. आल्या त्याच दिवशी त्यांनी माझं सगळं स्वयंपाकघर उपसून त्यांच्या पद्धतीने लावलं आणि वर मलाच म्हणाल्या, "हे असं लावते का कोनी?" मी मनातल्या मनात चरफडले. पण खरं सांगू का, दुपारी घरात कुणीतरी आहे याचं इतकं बरं वाटलं की नंतर मला चहापत्तीचा डबा सापडला नाही तरी मी काही बोलले नाही.

त्यांना आवाजाचं मी आपणहून सांगितलं नव्हतं. एका दुपारी त्या माझ्याजवळ बसून मेथी निवडत होत्या आणि थाळी वाजायला लागली. मी दचकले असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, "काय झालं वं? दुखते का?"

"नाही आई. तुम्हाला... थाळी ऐकू येतेय?"

त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. "नई बाई. मले तं काही नई येत."

मग मी सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील, नाहीतर मीठमोहऱ्या ओवाळतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. हातातली मेथीची काडी तशीच धरून विचारलं, "थाळी बंद झाली का मंग रडनं येते?"

"कुणाचं रडणं?"

"लेकराचं वं."

मी आठवून बघितलं. नाही. कधीच नाही. थाळी थांबली की त्यानंतर काहीच नसायचं.

आईंनी ती काडी जुडीत परत ठेवली. मग मेथीकडेच बघत म्हणाल्या, "थाळी दोन टाइमले वाजते, मेघा. पोरगं रडलं का दारात वाजते, गावाले सांगाले. ते वाजवनं सावकाश राहते, खुशीचं. अन् पोरगं रडत नसलं का मंग त्याच्या कानापाशी वाजवतात. आवाजानं दचकून श्वास घेईन म्हनून. तेव्हा हात थरथरते. ठेका राहत नई."

त्यांनीच पुढे सांगितलं. "निलेशच्या आंधी मले एक पोरगी झाली होती. त्याले बी नई माहीत. घरीच झाली. दायीनं उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, रडेच ना. मंग माह्या सासूनं काशाची थाळी घेतली. लय वाजवली वं. मी पडल्या पडल्या ऐकत होती."

"मग?"

"मंग थांबली."

एवढं बोलून त्या मेथी उचलून आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ सुटलेलाच राहिला.

त्या दिवसापासून माझं ऐकणं बदललं. आधी मला थाळी वाजायला लागली की भीती वाटायची, आता ती थांबायची भीती वाटायला लागली. वाजते आहे तोवर कुणीतरी प्रयत्न करतंय. थांबली की मी श्वास रोखून रडण्याची वाट बघायचे, आणि मागे नुसती केळीची पानं सळसळायची. हे आपल्याला का ऐकू येतंय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हते, कारण उत्तर मला नको होतं. पोटातली हालचाल जरा कमी वाटली की घाम फुटायचा.

आईंनी त्यांच्या परीने सगळं केलं. बागेच्या मालकाला गाठून विचारलं. तिथे कधी कुणाचं घर नव्हतं. आधी कापूस, मग केळी, बस्स. राजघाटावर जाऊन तापीमाईची ओटी भरून आल्या. येताना रेहाना भाभींना घेऊन आल्या, आणि भाभींनी त्यांच्या पद्धतीने काहीतरी पुटपुटून माझ्यावर फुंकर घातली. मी, रेल्वेवाल्याची मुलगी, दोघींपुढे निमूट बसून होते. गरज पडली की सगळे देव आपलेच. दुसऱ्या दिवशी दुपारी थाळी पुन्हा वाजली.

नवव्या महिन्यापर्यंत वार वर सरकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नॉर्मल होईल, काळजी नको. एका सकाळी कळा सुरू झाल्या, निलेशने गाडी काढली, आईंनी पिशव्या भरल्या. शहरातलंच नर्सिंग होम. सकाळची दुपार झाली. कळांबद्दल लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

शेवटी मुलगी झाली. एवढं नर्सच्या तोंडून ऐकलं, "लड़की है," आणि मग एकदम धावपळ सुरू झाली. मला दिसत नव्हतं काही. डॉक्टरीणबाई भराभर सूचना देत होत्या, कुणीतरी मशीन सरकवलं, कुणीतरी पळत बाहेर गेलं. सगळे आवाज होते. फक्त एक नव्हता. मी ओरडून विचारलं, "ती रडत का नाहीये?" तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या थाळीची आठवण झाली आणि — हे लिहायची लाज वाटते — इतके दिवस जो आवाज नको नको म्हटला, त्याची मी वाट बघायला लागले. वाजू दे. निदान कुणीतरी काहीतरी करतंय एवढं तरी कळू दे.

आणि थाळी वाजली.

या वेळी ती सगळ्यांनाच ऐकू आली. दाराबाहेर, पॅसेजमध्ये. "अम्मा! ये क्या कर रही हो? बंद करो! ये अस्पताल है!" कुणीतरी ओरडत होतं, आणि वाजवणारी थांबत नव्हती. घाईघाईने, ना ठेका ना ताल. एक फटका चुकून काठावर, 'थड्'. मधूनमधून बांगडीचा किणकिणाट. तोच आवाज होता. त्याच्यासारखा नाही, तोच. मी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकून ओळखण्याचा पगार घेतलाय. तो फटका जिथे चुकला तिथे चुकणार हे मला आधी माहीत होतं, आणि ती कुठे थांबणार हेही मला माहीत होतं. थांबली.

मी डोळे मिटून घेतले. आजवरच्या प्रत्येक दुपारी थाळी थांबल्यावर नुसतीच शांतता असायची.

मग मांजरीच्या पिल्लाने काढावा तसा एक बारीक आवाज आला. मग आणखी एक. मग ती रडली.

आईंना सिक्युरिटीवाल्याने बाहेर बाकावर नेऊन बसवलं होतं. त्यांनी पिशवीतून थाळी आणली आहे हे निलेशलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की मला ऐकू यायचा तो हाच आवाज होता. त्या म्हणाल्या, "थाळी माह्या सासूची आहे. त्या पोरीच्या टाइमले वाजवली, तेच. काशाची एकच होती वं घरात."

म्हणजे मी काय ऐकत होते? आईंच्या पहिल्या मुलीच्या कानाशी वाजलेली थाळी, की माझ्या मुलीसाठी अजून वाजायची असलेली? निलेश म्हणतो, मी नंतर जुळवलं. त्या अवस्थेत ऐकलेलं डोक्यात बसलं आणि आधीच्या आठवणी मी तशा बेतून घेतल्या. असेलही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मास्कने श्वास दिला म्हणून ती रडली, थाळीचा काही संबंध नाही. तेही खरंच असणार. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही, त्यांनी माझी मुलगी हातात दिली आहे.

इथे थांबता आलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. घरी गेलो, वास्तुशांत झाली, मुलीचं नाव जुई ठेवलं. मला थाळीचा आवाज यायचा बंद झाला. एकदाही आला नाही. मी सुखाने झोपले, तिला अंगाई म्हणत राहिले, दिवसभर तिच्याशी बडबडत राहिले. कॉलनीतले लोक म्हणायचे, मेघाच्या तोंडाला कुलूप नाही.

मग रेहाना भाभींच्या हातून एकदा कुकर पडला, जुई शेजारीच झोपली होती. आम्ही सगळे दचकलो. ती नाही.

इंदूरला तपासण्या झाल्या. झोपवून, डोक्याला वायरी लावून. दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नाही. जन्मताना श्वास अडकला की असं होऊ शकतं, असं ते म्हणाले. पुढे मशीन आहे, ऑपरेशन आहे, आशा ठेवा म्हणाले. आम्ही ठेवली आहे. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. निलेश गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी नाही रडले, मला खूप राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

आता जुई रांगते. पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. टाळी, घंटा, मिक्सर, दिवाळीतले फटाके, कशाने नाही. पण आठवड्यातून एक-दोन वेळा, दुपारी, खेळता खेळता ती थांबते. हातातलं रबराचं खेळणं तसंच राहतं. मान मागच्या भिंतीकडे वळते, केळीच्या बागेकडे. डोळे मोठे होतात. थोडा वेळ तशीच बसते, अगदी लक्ष देऊन. मग चेहरा सैल पडतो आणि पुन्हा खेळायला लागते. पहिल्यांदा आईंनी बघितलं आणि त्या माझा हात घट्ट धरून बसल्या. नंतर निलेशने बघितलं. त्याने या वेळी काही स्पष्टीकरण दिलं नाही.

मी वेड्यासारखी ती काशाची थाळी आणली आणि तिच्या कानामागे धरून बडवली. हात दुखेपर्यंत. रेहाना भाभी धावत आल्या, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. जुई रबराचा हत्ती चोखत बसली होती.

तज्ज्ञांना सांगितलं. ते म्हणाले, मुलं हवेची हालचाल, सावल्या, काहीही टिपतात. मी भिंतीकडे बघितलं आहे. खिडक्या बंद करून बघितलं आहे. मला कळत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा, मी हसणार नाही.

कालही झालं. मी तिच्या अगदी समोर बसून "जुई, जुई" म्हणत होते. तिने माझ्यावरून नजर काढली, मान वळवली आणि ऐकत राहिली. माझ्या लेकीला या जगातला एक आवाज ऐकू येतो. तो माझा नाही.